शेंगदाणा तेलातलं बंदर

आमच्या शहरापासून सर्वांत जवळचा समुद्र तीनशेहून अधिक किलोमीटरवर आहे. बंदराचं तैलचित्र काढायला ही काही मोठी अडचण नाही, असं माझं मत होतं. ते मत चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. चूक समुद्रामुळे झाली नाही, तेलामुळे झाली.

एका दैनिकात एकतीस वर्षं डेस्कवर काम करून मी निवृत्त झालो. माझ्याकडे जिल्ह्याच्या बातम्या होत्या आणि आतल्या पानावर अगदी खाली, बारीक टाइपात छापली जाणारी ‘दुरुस्ती’ही. कोणाचं नाव चुकलं, कोणाचं पद चुकलं, जिवंत माणसाच्या नावामागे ‘कै.’ लागलं, तर दुसऱ्या दिवशी त्या चार ओळी मी लिहायचो. त्यामुळे आपण सोडून सगळे चुकतात, असा एक शांत समज माझा झाला होता. निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी मी चित्रकलेच्या वर्गात नाव घातलं. पहिल्या महिन्यात वांगी काढली, दुसऱ्या महिन्यात दौलताबादचा किल्ला काढला. किल्ला पाहून सविता, म्हणजे माझी बायको, म्हणाली, “या वेळची वांगी जास्त चांगली आलीत.”

तिसऱ्या महिन्यात मामांचा विषय निघाला.

मामा म्हणजे माझे सासरे. मुंबईच्या गोदीत त्यांनी चौतीस वर्षं क्रेन चालवली. मामी त्या सगळ्या काळात वैजापूर तालुक्यातल्या गावी राहिल्या, शेतात राबल्या, दोन मुलं वाढवली. गोदीत बाहेरच्या माणसाला जाता येत नसे आणि फोटो काढायला बंदी. त्यामुळे मामा नक्की कुठे बसून काय करत होते, हे मामींनी कधी पाहिलं नव्हतं. न पाहिलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता.

“म्हणं धा मजल्याइतक्या उंचावर बसत व्हते,” मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. “घरातला बल्ब बदलायला स्टुलावर चढत नायत. पाय थरथरत्यात. आन् म्हणं क्रेन!”

मामा यावर भांडत नसत. ऐकून घेत आणि चष्मा पुसत. एकदा मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, “जावईबापू, तुमी पेपरात व्हते. कुठं एखादा फोटो घावतो का बगा. हिला एकदा दाखवायचंय. आता दोघांचं बी वय झालं.”

फोटो बरेच सापडले. पण ते होते आजच्या बंदरांचे, रंगीत डब्यांच्या राशींचे. “ह्ये आमचं नाय,” मामा प्रत्येक फोटो पाहून म्हणाले. त्यांची गोदी, तो धक्का, ती क्रेन कशातच नव्हती. तेव्हा मी जाहीर केलं की मी ते चित्र काढतो, तेही तैलरंगात. माझा मेहुणा प्रकाश वाळूजच्या कारखान्यात नोकरीला आहे. त्याने पडेगावात नवीन फ्लॅट घेतला होता आणि तो आई-वडिलांना गावाहून कायमचं तिथे आणणार होता. गृहप्रवेशाला दीड महिना होता. त्या दिवशी मी चित्र देणार आणि मामी बघणार, असं ठरलं.

मी मामांची रीतसर मुलाखत घेतली. ते समोर खुर्चीवर, मी वही-पेन्सिल घेऊन पुढ्यात.

“गेटातून आत आलं,” मामांनी डोळे मिटले, “की क्रेन या हाताला.” त्यांनी एक हात उंच केला. “आन् जहाज या हाताला.” दुसरा हात आडवा धरला. “मधी रूळ. मागं गोदामं. धूर. समदं तेलकट.”

त्यांचे हात जिकडे गेले तिकडे मी पेन्सिल फिरवली. पाच मिनिटांत कच्चं चित्र तयार. डेस्कवर असताना मी प्रत्येक वार्ताहराला एकच गोष्ट सांगत आलो होतो : ज्याची बातमी आहे त्याला छापण्याआधी एकदा विचार. पण हे चित्र अचानक समोर ठेवून मामांना चकित करायचं होतं. म्हणून मी मामांना ते कच्चं चित्र दाखवलं नाही. (असं दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी त्याला काय बोललो असतो, ते इथे छापण्यासारखं नाही.)

वर्गातल्या सरांनी सांगितलं की रंग पातळ करायला जवसाचं तेल लागतं. त्यांनी दिलेली छोटी बाटली आकाशातच संपली. म्हणून मी गुलमंडीजवळच्या एका लाकडी घाण्याच्या दुकानात गेलो. दुकानदार चाचा गल्ल्यावर बसून शेंगदाणे खात होते.

“जवसाचं तेल आहे का?”

“जवस का खतम है साब. आठ दिन लगते. करडी है, शेंगदाना है. क्या तलना है?”

“तळायचं नाही. चित्राला हवंय.”

चाचांनी खाणं थांबवलं. “फोटो को लगाते क्या?”

“रंगात मिसळायचं.”

“तो फिर शेंगदाना लेव. करडी महंगा है. फोटो को क्या मालूम पडता.”

हा युक्तिवाद मला पटला. तेल ते तेल, शिवाय घाण्याचं, शुद्ध. तैलचित्र म्हणजे तेलाचं चित्र; ते कोणत्या तेलाचं, हे शब्दात कुठेही म्हटलेलं नाही. मी एक लिटर घेतलं.

समुद्र सुरेख जमला. तेलाने रंग असे सरकत होते की कुंचला ढकलावाही लागत नव्हता. क्रेन मी करड्या रंगात उभी केली, हातभर लांब, जाळीदार. तिच्या टोकाजवळ केबिनचा चौकोन आणि त्यात एक काळा ठिपका, ते मामा. जहाज गंजलेलं तांबडं. मागे गोदामं, धूर, वर सात पक्षी. उजव्या कोपऱ्यात सही. सही चांगली मोठी केली, कारण एकतीस वर्षं मी विनानावाचं लिहीत आलो होतो.

पंधरा दिवस झाले तरी चित्र बोटाला लागत होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तैलरंगात घाई करायची नाही, असं सरांनी सांगितलंच होतं. महिना झाला. घरात आत पाऊल टाकलं की कोणीतरी भजी तळतंय असं वाटे. शेजारचे दोन वेळा उगाचच येऊन बसले.

मग एके सकाळी सविता म्हणाली, “अहो, तुमच्या जहाजाला मुंग्या लागल्यात.”

लागल्या होत्या. धक्क्यावरून शिस्तीत रांग निघाली होती आणि जहाजावर चढत होती. लांबून पाहिलं तर हमाल वाटावेत. मी त्या राहू द्याव्यात का, असाही विचार केला. शेवटी मुंग्या झटकल्या आणि चित्रावर माझ्याच जुन्या दैनिकाचं पान अंथरलं. संध्याकाळी पान काढलं, तर सातापैकी पाच पक्षी पानाबरोबर गेले.

मी सरांना फोन केला. तेलाचं नाव त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

“सर, वाळेल ना?”

“जवसाचं वाळतं. शेंगदाण्याचं वाळत नाही.”

“म्हणजे कधी?”

“म्हणजे तुम्ही चिवडा करून किती दिवस ठेवता? ते तेल कधी वाळलेलं पाहिलंय का?”

गृहप्रवेश आठ दिवसांवर होता. मी चित्र गच्चीवर उन्हात ठेवलं. धूळ बसली, धुराचा परिणाम वाढला, तेल मात्र आणखी चमकू लागलं. पंख्याखाली ठेवलं. सविताने केस वाळवायचं यंत्र फिरवून पाहिलं. त्याच्या झोतात समुद्राला लाटा आल्या. शेवटी मी निर्णय घेतला की चित्र ओलंच द्यायचं. भिंतीवर उंच टांगायचं, म्हणजे कोणाचा हात लागणार नाही. प्रश्न फक्त नेण्याचा होता. कशात गुंडाळावं तर तेच उचलून नेणार, हे पक्ष्यांच्या बाबतीत सिद्ध झालं होतं. म्हणून एक छोटा टेम्पो ठरवला. मागे चित्र उभं करायचं, कशालाही न टेकता, आणि मी धरून बसायचं.

गृहप्रवेशाच्या दिवशी बुद्धवंदना सकाळी दहाला होती. आमच्याकडे अशा प्रसंगी सगळे पांढरे कपडे घालतात. मीही नवाकोरा पांढरा सदरा घालून साडेआठला तयार होतो. पावणेनऊला टेम्पोवाल्याचा फोन आला.

“साहेब, वैजापूरला कांद्यात अडकलोय. दुपारपस्तोर येतो.”

सविता आदल्या दिवशीच माहेरच्या मदतीला गेली होती. मी प्रकाशला फोन केला. तो बिचारा घरचा यजमान, तरी मोटारसायकल घेऊन सव्वानऊला सिडकोत आमच्या दारात हजर झाला. प्रकाश अंगाने भरभक्कम आहे. त्या दिवशी पातळ पांढऱ्या सदऱ्यात त्याची पाठ ताणून बसवलेल्या कॅनव्हाससारखी दिसत होती. ही उपमा मला तेव्हाच सुचली होती आणि तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

“दाजी, टाका मधी आन् बसा मागं. लवकर. भंतेजी यायलेत.”

“ओलं आहे रे.”

“अजून? महिना झाला की.”

“दीड.”

चित्र आम्हा दोघांच्या मध्ये उभं धरायचं ठरलं. आता रंगाची बाजू माझ्याकडे की त्याच्याकडे? मी शांतपणे विचार केला. चित्र धरणारा मी, म्हणजे ते माझ्या छातीशी येणार. तेव्हा रंग त्याच्या बाजूला, पण त्याची पाठ आणि चित्र यांच्यात एका वितीचं अंतर. (माझा सदरा नवा होता, हेही कारण नोंदवणं आवश्यक आहे.)

“प्रकाश, मागे सरकायचं नाही. ब्रेक हळू.”

“तुमी फक्त धरून बसा हो.”

चौकापर्यंत वितीचं अंतर टिकलं. तिथे सिग्नलला शेजारी एक रिक्षा थांबली. रिक्षावाल्याने मान काढून चित्र पाहिलं.

“चचा, पूरा जहाज लेके किधर निकले?”

“पडेगाव.”

“पानी है क्या उधर?”

सिग्नल सुटला. पुढे छावणीच्या मोकळ्या रस्त्यावर वारा लागला आणि चित्राचं शीड झालं. गाडी डावीकडे जाऊ लागली. मी तोल सावरायला पुढे झुकलो. अंतर चार बोटं राहिलं. आणि मग गतिरोधक सुरू झाले. ते नऊ होते. पहिल्याला मी चित्र मागे ओढून धरलं. दुसऱ्याला ते निसटलं. तिसऱ्यापासून पुढे मी डोळे मिटून घेतले. त्यामुळे तिसऱ्या ते नवव्या गतिरोधकाविषयी माझ्याकडे प्रत्यक्षदर्शी माहिती नाही, फक्त आवाज आहेत.

“दाजी,” प्रकाश मध्येच म्हणाला, “पाठ लई घामेजली बगा.”

“ऊन आहे,” मी म्हणालो.

इमारतीखाली उतरल्यावर मी आधी चित्र पाहिलं. मधोमध एक रुंद, पाठीच्या आकाराचा ढग होता. क्रेन त्या ढगात अर्धी विरघळली होती. मग मी मेहुण्याची पाठ पाहिली. तिथे क्रेन होती, जाळीसकट. जहाजही होतं. केबिनही.

प्रकाशला सांगावं, असं मला वाटलं. पण दहाला पाच मिनिटं कमी होती, त्याच्याकडे दुसरा पांढरा सदरा आहे का, याची माहिती नव्हती आणि अर्धवट माहितीवर खळबळ उडवायची नाही, हा माझा जुना शिरस्ता. चित्र मी जिन्यात एका कोपऱ्यात उभं केलं. दारात पोचलो तेव्हा लक्षात आलं की आतल्या भिंतींना नुकताच पांढरा रंग दिला आहे.

“प्रकाश, भिंतीला टेकू नको.”

“का?”

“भंतेजींसमोर टेकून बसणं बरं दिसत नाही.”

“हे कुठं लिवलंय?”

“आहे कुठंतरी.”

यजमान म्हणून प्रकाशला सर्वांत पुढे बसावं लागलं, भंतेजींच्या समोर, पाठ ताठ करून. त्याच्यामागे मामा आणि मामी, आणि त्यांच्यामागे पांढऱ्या कपड्यांतले पन्नास पाहुणे. सगळ्यांची तोंडं त्या पाठीकडे. प्रदर्शनासाठी याहून चांगली मांडणी मला सुचली नसती.

वंदना सुरू झाली. मागच्या ओळींत कुजबुज होत होती. सविताने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत प्रश्न नव्हता. पंचशीलातलं चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. सगळ्यांबरोबर मीही म्हणालो. भिंतीला न टेकण्याचा नियम सांगून मला जेमतेम पंधरा मिनिटं झाली होती.

वंदना संपली. प्रकाश उठू लागला.

“परकाश,” मामा म्हणाले, “हलू नको.”

“काय झालं, बाबा? किडा हाय का?”

“हलू नको म्हणलं ना.”

मामांनी काठी उचलली. वर्गात नकाशा दाखवतात तशी ती प्रकाशच्या डाव्या खांद्याला टेकवली. “ही बग,” ते मामींना म्हणाले. “ही क्रेन. गेटातून आलं की डाव्या हाताला. आन् ह्ये जहाज, उजव्या हाताला. मधी रूळ. बराबर. एकदम बराबर.”

मामी पुढे सरकल्या. चष्मा सावरून त्यांनी पोराच्या पाठीवर नाक टेकेल इतक्या जवळून पाहिलं.

“ह्यो ठिपका काय?”

“मी.”

“एवढ्या वर?”

“तर काय. चौतीस वर्सं.”

“आन् ह्ये खाली बारीक बारीक?”

“माणसं.” (त्या मुंग्या होत्या. काही माझ्या नजरेतून सुटल्या होत्या.)

मामी बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “आन् पडले असते मंग?”

“पडलो नाय की.”

“पडले असते तर मला तिकडं गावात कोण सांगाया येणार व्हतं?”

मामांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. मामींनी त्यांच्या हातातून तो घेतला आणि आपल्या पदराने पुसून परत दिला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा वाद तिथे मिटला. स्टुलाचा विषय मामींनी त्यानंतर काढलेला नाही. बल्ब त्या प्रकाशकडून बदलून घेतात.

“बाबा,” प्रकाश समोर बघतच म्हणाला, “माझ्या पाठीवर काय हाय, कोणी सांगंल का? खीर थंड व्हायली.”

“थांब जरा. जहाज अजून रिकामं व्हायचंय,” मामा म्हणाले. त्यांनी पाहुण्यांना एकेक करून पुढे बोलावलं आणि माल कसा उचलतात ते काठीने दाखवलं. भंतेजींनीही दोन प्रश्न विचारले. शेवटी मामा माझ्याकडे वळले. “जावईबापू, लई बराबर काढलं. पण सदऱ्यावर काढायचं कसं सुचलं?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण एवढी स्तुती झाल्यावर मूळ चित्र दाखवण्याचा मोह आवरला नाही. जिन्यातून चित्र आणलं आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर धरून उभा राहिलो. मामांनी ते नीट पाहिलं. मग पाठीकडे पाहिलं. मग पुन्हा चित्राकडे.

“ह्ये कुठलं बंदर?”

“मामा, तेच. तुमचंच.”

“नाय. ह्याच्यात क्रेन उजव्या हाताला हाय. अशी गोदी मी तर पायली नाय.” त्यांनी पाठीकडे काठी केली. “आपली ती.”

तेव्हा उलगडा झाला. मुलाखतीत मामा माझ्यासमोर तोंड करून बसले होते. त्यांनी डावा हात वर केला, तो माझ्या उजवीकडे होता. त्यांचं डावं मी माझं उजवं करून टाकलं. पुढे दीड महिना तीच चूक रंगवत बसलो. आणि मेहुण्याच्या पाठीने, छापताना सगळं उलट करून, ती नऊ गतिरोधकांत सुधारली.

प्रकाशचा सदरा त्याच दिवशी अंगावरून काळजीपूर्वक काढण्यात आला. (दोघांनी बाह्या धरल्या, तिसऱ्याने गुंड्या काढल्या.) आता तो त्यांच्या हॉलमध्ये काचेच्या फ्रेममध्ये आहे. पातळ कापडात तेल मुरलं आणि रंग जागेवर बसला. येणारा पाहुणा विचारतो, हे कोणी काढलं? सही आहे, पण उलटी उमटल्यामुळे कोणाला वाचता येत नाही. मामा म्हणतात, “आमच्या परकाशनं. पाठ लई चांगली हाय त्याची.”

एकतीस वर्षांत माझी प्रत्येक दुरुस्ती आतल्या पानावर, खाली, बारीक टाइपात गेली. ही एकच पहिल्या पानावर, चौकटीत लागली आहे. मूळ मजकूर आमच्या गॅलरीत अजून वाळतो आहे आणि त्याच्या खाली सविता मुंग्यांची पावडर टाकते.